लाल गाडीची उलटी बाजू

सोळा नोव्हेंबर, रविवार. गाडी बघायला जायचं म्हणून सकाळी आठला मी पिशवी भरत होते. टॉर्च, जुनी सतरंजी आणि आमच्या कारखान्यातले बाद झालेले दोन पांढरे टॉवेल. मुलगी दारात उभी राहून बघत होती. आपण गाडी बघायला चाललोय, धुवायला नाही, असं ती म्हणाली. मी सतरंजी तिच्या हातात दिली आणि कुलूप लावलं.

मुलगी एकोणीस वर्षांची. सोलापूरबाहेर केगावला कॉलेज, तिथून पुढे एका प्रयोगशाळेत दुपारचं शिकाऊ काम, घरी यायला सात. स्कूटीवरून दोनदा हायवेच्या कडेला पडली होती. उन्हाळ्यात तिने एकवीस दिवसांचा ड्रायव्हिंगचा क्लास केला आणि लायसन्स काढलं. घरात गाडी घ्यायची हे त्याच दिवशी ठरलं. कोणती, यावर मात्र दिवाळी उलटून गेली तरी एकमत नव्हतं.

तिला स्पोर्टी गाडी हवी होती. म्हणजे लहान, बसकी, रुंद चाकांची, टर्बो इंजिनची, जुनी असली तरी चालेल. तिचे पप्पा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत. आठवड्याला घरी येतात, या रविवारी मात्र ड्युटी होती. त्यांचे एक साहेब निवृत्त होत होते आणि त्यांची लांबलचक पांढरी गाडी विकायची होती. गाडी चांगलीच होती, ते मी नाकारत नाही. पण ती गाडी आली असती तर चालवली पप्पांनीच असती, आणि मुलगी शेजारी बसून राहिली असती. ती तिला कुठल्याच बाजूने आपली वाटणार नव्हती, एवढी मोठी. साहेबांना सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आम्हाला रविवार एवढाच दिवस होता.

मला हे इतकं का लागावं, तर त्याला कारण आहे. माझ्याकडे तेवीस वर्षांची असल्यापासून लायसन्स आहे. माहेरी अकलूजला वडिलांची जीप चालवत होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासरची गाडी फाटकाच्या खांबाला घासली. कोणी रागावलं नाही, चालवू नको असंही कोणी म्हणालं नाही. फक्त त्यानंतर किल्ली कुठे ठेवली आहे ते विचारावं लागायचं. काही दिवस विचारलं, मग सोडून दिलं. लायसन्सचं नूतनीकरण मात्र मी दर वेळी करून घेते.

पहिली गाडी होती तुळजापूर नाक्याजवळ, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका एजंटकडे. लाल रंग, काळं छत, मागे डिकीवर शोभेचा पंख लावलेला. मुलीने ती मोबाईलवर इतक्यांदा बघितली होती की तिचा नंबर तिला पाठ होता. रिक्षातून जाताना तिने मला सांगितलं की ही गाडी शून्यापासून शंभरच्या वेगाला अकरा सेकंदांत जाते.

"आणि शंभरावरून शून्याला?" मी विचारलं.

तिला ते माहीत नव्हतं. मोबाईलमध्ये शोधलं, तिथेही कोणी लिहिलेलं नव्हतं.

एजंट गोड बोलणारा होता. त्याने दोन चहा मागवले आणि गाडीचं दार उघडून धरलं. आत उदबत्तीच्या दुकानासारखा वास येत होता. तो मुलीला लई पळती गाडी हाय म्हणून सांगत होता आणि मधूनच मला, मॅडम, मुलगी चालवणार असली तर तिकडं साधी पांढरी पण हाय, मुलींना साधी बरी, असं सुचवत होता. मी सतरंजी टाकली आणि गाडीखाली बघायला आडवी झाले.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तपासणी विभाग बघते. बावीस वर्षं झाली. नवीन मुली टेबलावर आल्या की टॉवेल समोरून बघतात, नक्षी बघतात, रंग बघतात. त्यांना पहिली सवय लावावी लागते ती उलटा करायची. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, सगळं मागे असतं. पुढची बाजू माणूस नीट करूनच पाठवतो. मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं.

गाडीचा खालचा भाग काळ्या रंगाने नुकताच रंगवला होता. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. मी उठले, डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढायला लावली. खालच्या खोलगट जागेत बोट फिरवलं, नखाने थोडं खरवडलं. मग पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, जेवढा कधीच कोणी ओढत नाही तेवढा, आणि पांढऱ्या टॉवेलने पुसला. टॉवेलवर तपकिरी रेघ उठली. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या होत्या.

एजंट हसला. "ताई, गाडी बघताय का टॉवेल?"

मी म्हटलं, दोन्ही उलटंच करून बघायचं असतं.

"धूळ हाय ती. सोलापूरची धूळ कुटं शिरत न्हाय सांगा की."

धूळ कोरडी बसते आणि फुंकली की उडते. डिकीतून मी जे खरवडून काढलं होतं ते पापुद्र्यासारखं निघालं होतं. पावसाळ्याच्या शेवटी सीना नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. ही गाडी त्या पाण्यात सीटपर्यंत उभी होती. तो पापुद्रा मी त्याच्या टेबलावर कागदावर ठेवला. त्याने तो बघितला आणि चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर मुलगी मोबाईलमधला लाल गाडीचा फोटो बघत होती. मैत्रिणींना फोटो आधीच गेले होते. मी तिची समजूत काढत बसले नाही. यादीत अजून काय आहे, ते विचारलं.

यादीत एक होती, पण तिने ती रंगामुळे खोडली होती. मळकट निळा. इंजिन तेच, टर्बो, पण मागे पंख नाही, काळं छत नाही. जुळे सोलापुरात एका निवृत्त प्राध्यापिका बाईंकडे. रिक्षा तिकडे वळवली.

बाई सत्तरीच्या आसपासच्या, पायात बूट, केस बारीक कापलेले. मी सतरंजी पसरताच त्यांनी आतून स्वतःची चटई आणून तिच्यावर टाकली. आत्तापर्यंत चार जण गाडी बघून गेले, खाली कोणी बघितलं नाही, असं म्हणाल्या. ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली होती. सिग्नलला सगळ्यांच्या आधी निघायचं, एवढीच हौस होती, ती भागली. आता डावा गुडघा क्लचला कंटाळला आहे.

मी सगळं बघितलं. डिकी, पट्टे, सीटखालच्या जागा, दारांच्या कडा. टॉवेल जवळजवळ पांढराच राहिला. सर्व्हिसची पावती प्रत्येक वेळची लावून ठेवलेली. पुढे-मागे दोन्हीकडे ब्रेक नुकतेच बदललेले. माझ्या मनात गाडी पास झाली होती. चक्कर मारून यायची, एवढंच उरलं होतं, आणि मी सवयीने मागचं दार उघडलं.

"मागं बसून काय दिसणार तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "पुढं या. मी बसते मागं."

आमच्या घरात बायका मागेच बसतात. पुढे पुरुष, नाहीतर ज्यांचे पाय दुखतात ते. मुलगी चालवत असताना मी तिच्या शेजारी बसण्याची ही पहिली वेळ होती.

ती सुरुवात छान करत होती. गिअर न पाहता टाकत होती, आरसे बघत होती, विजापूर रोडला लागताना थांबून दोन्हीकडे पाहिलं. सरळ रस्ता आला तशी गाडीने एकदम ओढ घेतली आणि ती हसली. त्यानंतर पुढे एक रिक्षा डावीकडून वळायला लागली. मुलीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. आणि तो पाय तसाच हवेत राहिला. मी तिच्या पायाकडेच बघत होते. माझा स्वतःचा पाय खालच्या मॅटवर रुतला होता. तिचा पाय कोणाची तरी वाट बघत होता.

मागून बाई अगदी हळू म्हणाल्या, "ब्रेक."

मग तिने असा दाबला की तिघी पुढे आपटल्या. रिक्षा आणि आमच्यात हातभर अंतर राहिलं. रिक्षावाला वळून म्हणाला, ताई, घरी भाजी करपलीया का? आणि निघून गेला.

मुलीने गाडी कडेला घेतली. मी विचारलं, क्लासमध्ये ब्रेक कोण मारायचं?

"सर." मग म्हणाली, "त्यांच्या बाजूला पण असतो ना. मी मारायच्या आधीच ते मारायचे."

एकवीस दिवस ती चालवत होती आणि थांबवत दुसराच माणूस होता. तिला ते कळलंही नव्हतं. मलाही नाही. सकाळपासून दोन गाड्या उलट्यासुलट्या तपासल्या. चालवणारीला एकदाही तपासलं नव्हतं.

मला राग आला होता, ते लिहिते. फोन काढून कुर्डुवाडीला हो कळवावं, असं दोन मिनिटं अगदी मनापासून वाटलं. त्यात मुलगीच म्हणाली, "पप्पांचीच घ्या. ते चालवतील."

ते वाक्य ऐकलं आणि मी फोन पिशवीत ठेवला. तिने किल्ली काढून माझ्यापुढे धरली होती. मी ती घेतली नाही. परत नेऊन सोड, बाईंना पायी जायला लावणार आहेस का, असं म्हटलं. ती तिसऱ्या गिअरच्या वर न जाता बाईंच्या घरापर्यंत घेऊन आली आणि सगळ्या वळणांवर ब्रेकवर पाय ठेवून होती.

बाईंनी दारात उभं राहूनच मार्ग काढला. त्यांच्या मागच्या बाजूला प्लॉट पाडलेलं एक रान आहे. सिमेंटचे रस्ते झाले आहेत, घरं अजून नाहीत. त्या रोज सकाळी सहाला तिथे चालायला जातात. उद्या गाडी घेऊन येते, तुम्ही पण या, म्हणाल्या. पप्पांचा फोन आला तेव्हा मी सकाळी सांगते म्हटलं. ते म्हणाले, "साहेब नऊला इचारणार हायत. आपल्याला पळायचंय तरी कुटं?" मी नऊच्या आत सांगते म्हटलं.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही तिथे होतो. कापडातला दोष दाखवायला आमच्याकडे खडू वापरतात, त्यातला एक मी पिशवीत घेतला होता. रस्त्यावर आडवी जाड रेघ मारली आणि तिच्यापासून पंचवीस पावलं मागे दुसरी. मुलीला सांगितलं, चाळीसच्या वेगाने यायचं, मागच्या रेघेवर पाय ब्रेकवर, पुढच्या रेघेच्या आत चाकं थांबली पाहिजेत. गाडीत शेजारी कोणी बसणार नाही. बाई आणि मी कडेला उभ्या राहिलो.

पहिल्यांदा ती रेघ ओलांडून पार पुढे गेली. दुसऱ्यांदा फार आधी थांबली आणि गाडी बंद पडली. तिसऱ्या, चौथ्या वेळी पुन्हा पुढे. पाचव्या वेळी पुढचं चाक रेघेवर उभं होतं. मी खडूने चाकाच्या जागी खूण केली आणि तिला उतरून बघायला लावलं. तिने बघितलं, परत आत बसली आणि गाडी मागे नेली. आठव्या वेळी गाडी रेघेच्या अलीकडे थांबली. नवव्या आणि दहाव्या वेळीही. अकराव्या वेळी मी सांगितलं नव्हतं तरी ती पन्नासने आली आणि रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली. बाई म्हणाल्या, क्लचवरचा पाय अजून जड आहे, पण तो माझाही आहे.

साडेसातला बाईंना इसार देऊन मी कुर्डुवाडीला फोन लावला आणि साहेबांना नाही म्हणून कळवा, असं सांगितलं. कोणती घेतली, त्यांनी विचारलं. निळी, म्हटलं.

"पळती का?"

"थांबते," मी म्हटलं.

पुढचा महिनाभर रोज सकाळी इथे यायचं, मगच हायवे, हेही तेव्हाच सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं. माझी पाळी साडेआठची. बाईंना घरी सोडून मुलीने मला कारखान्याच्या फाटकापर्यंत आणलं. मी पुढेच बसले होते. माझा पाय दोनदा मॅटवर दाबला गेला.