एक तारखेचा पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सगळे त्यांना 'कालच्या ताई' म्हणत. जिना आणि मोरी यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीत बसून ताई कॉम्प्युटरमधली चित्रं सांभाळायच्या. कुणाचा पाय किती रुंद, कुठे खोलगट, कुठे फुगीर, सगळं त्या चित्रांत. कुणाची फाइल बिघडली की तो दारात उभा, "ताई, कालची द्या ना!" ताई द्यायच्या. पण आधी चार शब्द सुनावल्याशिवाय नाही.

पद्धत साधी होती. महिन्याच्या एक तारखेला सगळ्या फाइलींची पूर्ण प्रत. मग रोज संध्याकाळी फक्त जे बदललं तेवढंच उचलायचं. कुणी फाइल काढून टाकली, तर त्या दिवसाच्या प्रतीत 'ही आता नाही' एवढी नोंद; आधीच्या प्रती जशाच्या तशा. "न बदललेलं रोज रोज कशाला भरू? मला काय दुसरे उद्योग नाहीत?" असं त्यांचं म्हणणं. महिना सरला की नवी पूर्ण प्रत घेऊन जुना महिना पुसायचा, कारण डिस्क एकच, आणि मालक दुसरीचं नाव काढत नव्हते.

त्या महिन्याच्या तीस तारखेला, इथलाच पाय लावून टपाल वाटणारा टपालवाला जिन्यात कुबड्या घेऊन बसलेला दिसला. ताईंनी विचारलं, "काय हो, असे का बसलात?"

"जुना पाय पडून तडकला, ताई. नवा चावतो. उस्ताद म्हणतात, जुन्याचं चित्रच गेलं. आता परत माप, परत साचा, म्हणजे दोन महिने. तोवर माझी फेरी दुसऱ्याला देणार आणि मला कायमचं शिक्के मारायला बसवणार."

उस्ताद म्हणजे कारखान्याचे मुख्य कारागीर. तीस वर्षांचा हात आणि नाकावर राग. ताई तडक त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"चित्र गेलं म्हणजे?"

"नऊ तारखेला म्हटलं, जरा सुधारू. पाय केला, तो चावला. मग आणखी तीनदा सुधारलं, दरवेळी त्याच फाइलवर. वीस तारखेला डोकं फिरलं आणि काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तुमची कालची प्रत उघडली, तर त्यातही नाही!"

"कशी असेल? तुम्ही काढलीत, तिनं तसंच लिहून ठेवलं."

"मग एकोणीसची?"

"तिच्यात तुमची चौथी सुधारणा आहे. हवी?"

उस्ताद खिळे चाचपत बसले.

"मूळ चित्र नऊपर्यंत बदललंच नाही, म्हणून या महिन्याच्या रोजच्या प्रतींत ते मिळायचंच नाही. ते आहे फक्त एक तारखेच्या पूर्ण प्रतीत. आणि ती मी उद्या सकाळी पुसणार होते! दहा दिवस मूग गिळून का बसलात?"

"लाज वाटली," उस्ताद म्हणाले.

ताई आपल्या खोलीत गेल्या, एक तारखेची प्रत उघडली आणि नावांच्या यादीवरून एकेक करत बोट खाली नेऊ लागल्या. फाइल सापडली, तेव्हा त्या खुर्चीतच मागे रेलल्या आणि मोठ्यानं हसल्या. दुसऱ्या सकाळी जुना महिना पुसायचं त्यांनी पुढे ढकललं.

चार दिवसांनी पाय तयार झाला. टपालवाला व्हरांड्यात तीन फेऱ्या मारून आला. उस्ताद त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि सांध्याभोवती बोट फिरवू लागले.

"कुठे टोचतं?"

"कुठेच नाही."

"नीट सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

"खरंच नाही हो."

उस्तादांचा हात त्या पायावरच राहिला. "चुकलो मी," ते म्हणाले. "जमलेल्या पायाला हात लावायला नको होता." तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ताईंनी तोंड फिरवून डोळे टिपले.

टपालवाल्यानं खांद्यावरची पिशवी सारखी केली. "उठा आता, उस्ताद," तो म्हणाला, "मला टपाल वाटायचंय."