ताऱ्याची तारीख

चौसाळ्याच्या हमरस्त्यालगत मन्मथअप्पांचे काष्ठौषधींचे दुकान आहे. कपाळी भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि उजवी बाही कोपरापर्यंत सदैव दुमडलेली. ही बाही दुमडण्याची सवय त्यांना पंचविसाव्या वर्षी जडली. उत्तम प्रतीचा शिक्का असलेले हिरड्याचे पोते त्यांनी तोंडचा माल पाहून घेतले आणि तळाशी निघाली माती. पोते खरे होते, शिक्काही खरा होता. मूळचा माल मात्र केव्हाच संपून त्याच पोत्यात कोणी दुसरे काही भरले होते. तेव्हापासून सत्तरी ओलांडेपर्यंत कोपरापर्यंत हात घातल्यावाचून अप्पांनी एकही पोते दुकानात घेतले नाही. आप्तवाक्याला, म्हणजे जाणत्याच्या शब्दाला, ते नमस्कार करीत, विश्वास मात्र प्रत्यक्षावर ठेवीत.

"अप्पा तीर्थसुद्धा हुंगून घेतेत," असे शेजारचा आसाराम म्हणे. अप्पांना ते दूषण वाटत नसे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते जेवायला घरी आले, तेव्हा आठ वर्षांची नात ऋतुजा खांद्यावर पंचा घेऊन अंगणात उन्हाला बसली होती. सून शिवकन्या वाटीत काहीतरी कालवीत होती.

"काय हाय ते?"

"सीताफळाच्या बियांची पूड, अप्पा. हिच्या डोक्यात लई उवा झाल्यात."

"कोणी सांगितलं?"

"मोबाइलवरच्या ज्ञानकोशात हाय. काही अपाय न्हाई असं लिहिलंय." तिने मोबाइलचा पडदा पुढे धरला. "हा कोपऱ्यातला तारा बघा. जाणत्या माणसांनी तपासून उत्तम ठरवलेल्या लेखालाच मिळतो."

अप्पा खाटेवर टेकले. "अन् लिहितं कोण?"

"कोणीबी. ज्याला येतं तो."

"म्हंजे सगळ्या गावाचा हात पोत्यात. तपासलं कधी?"

शिवकन्या विज्ञानाची पदवीधर. लेखाच्या जुन्या नोंदी कशा उघडायच्या ते तिला ठाऊक होते. "नऊ वर्षं झाली."

"त्याच्यानंतर किती जणांनी हात घातला?"

ती मोजता मोजता थांबली. "दोनशेच्या वर बदल हायेत."

"वाटी खाली ठेव. तारा दिला त्या दिवशी काय लिहिलेलं होतं, ते काढ."

ऋतुजा डोके खाजवीत म्हणाली, "आजोबा, तुमचं होईपर्यंत उवांना नातवंडं होतील." कोणी हसले नाही, कारण शिवकन्या एकाच ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा वाचीत होती. जुन्या मजकुरात एक वाक्य होते: ही पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. आजच्या लेखात ते नव्हते. गेल्या वर्षी कोणा निनावी हाताने 'अनावश्यक' असा शेरा मारून ते काढले होते आणि त्याच जागी अपाय नसल्याचे लिहिले होते. तारा मात्र जागच्या जागी होता.

तिने वाटी उचलली, परसात खड्डा करून पूड पुरली आणि हात दोनदा धुतले.

"म्हंजे तारा खोटाच की, अप्पा."

"खोटा कावून? त्या दिवसापुरता खरा होता. त्याच्यामुळंच कोणत्या तारखेच्या लेखाकडं जायचं ते कळलं. पर माझ्यासारखा तिथवर जाणार किती जण? बाकीचे तारा बघून वाटी कालवतेत."

शिवकन्या जराशी घुटमळली. "मग त्या जुन्या वाक्यावर तरी कावून इश्वास ठेवायचा? तेबी कोणीतरीच लिहिलेलं."

अप्पांनी तिच्याकडे नव्याने पाहिले. इतक्या वर्षांत घरातल्या कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"न्हाई ठेवायचा. दवाखान्यात विचारू. तवर ते वाक्य खोटं निघालं, तर उवा दोन दिवस जास्त राहतील. आजचं खोटं निघालं, तर पोरीचे डोळे जातील."

त्यांनी ऋतुजाला समोर बसवून घेतले, बारीक दातांची फणी मागवली, दुमडलेली बाही आणखी वर सारली आणि तिच्या केसांची एकेक बट मुळापासून पाहू लागले.