नळ गेला तरी कट्टा राहू द्या

मंडळी, शाळेतून येऊन तास झाला, पण आठवीची पोरं डोक्यातून जाईनात.

त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला हवी तशी आपली गल्ली पुठ्ठ्याची करून आणा. प्रत्येक गटानं आपल्या पुठ्ठ्याच्या गल्लीत आधी घरोघरी रोज पाणी आणलं. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या शहराची पोरं, दुसरं काय मागणार? मग गच्चीवर सोलर, व्हीलचेअरसाठी उतार, कडुनिंबाची झाडं.

आयेशाच्या गटानं मात्र सार्वजनिक नळ काढून तिथं सावलीतला कट्टा केला होता.

दुसऱ्या गटातला हर्षद म्हणाला, "जागा कशाला वाया घालवता? गाड्या लावू की इथं."

आयेशा म्हणाली, "माझी अम्मी आणि आपल्या वर्गातल्या सुजाताची आई पाणी भरतानाच भेटतात. पाणी घरात आलं तर त्या भेटणार कुठं?"

 हर्षदनं पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्याकडं सरकवली. "मग टेकायला पाठ पण लाव. माझ्या आजीची कंबर लई दुखते."

मला त्यांना शिकवायला काही उरलंच नाही.

तुमच्या गल्लीत बायकांना हंडा हातात नसताना बसता येईल, अशी जागा आहे का? मी मघापासून आमच्या गल्लीतली आठवून बघतेय.