पोरकट मास्तर

मास्तरांविषयी लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सगळी पेठ त्यांना 'पोरकट मास्तर' म्हणायची, आणि ते नाव मीच पाडलेलं.

मास्तर मराठी शिकवून निवृत्त झालेले. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना असला, की गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. गोल खाल्ला की रडायचे. रेफ्रीला करंगळी दाखवून कट्टी करायचे.

नव्वदच्या दशकात एकदा आम्ही शेजारच्या पेठेतल्या तालमीकडून फायनल हरलो. मग आमच्यातल्या थोरामोठ्यांनी गंभीरपणे ठरवलं, की त्या पेठेतल्या न्हाव्याकडं दाढी करायची नाही, तिथल्या गाडीवर मिसळ खायची नाही. तालमीच्या अध्यक्षांची सख्खी बहीण त्याच पेठेत दिलेली. त्यांनी भाऊबीज रद्द केली.

आणि मास्तर? पेढ्यांचा पुडा घेऊन त्या तालमीत गेले आणि त्यांच्या गोलकीपरची पाठ थोपटून आले!

बैठक बसली. मी सचिव. "मास्तर, हा निव्वळ पोरकटपणा हाय!" मी गरजलो.

मास्तर खूशच झाले. "व्हय की! तेल लागलं की तेलकट, माती लागली की मातकट. तसा पोराचा हात लागला की माणूस पोरकट. पोरं सकाळी भांडत्यात आन् सांजंला एका ताटात जेवत्यात. ही शिवी न्हवं, सचिव. तुमास्नी कशाचा हात लागलाय, ते सांगा."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी संघाबरोबर मैदानात यायचं नाही, असा ठराव झाला. त्यांनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली. रडले नाहीत.

पुढं सामन्याच्या दिवशी ते मैदानाच्या भिंतीबाहेर, चहाच्या गाडीपाशी उभे असायचे. आतल्या आरोळीवरून गोल कुणाचा ते ताडायचे. आम्ही प्रौढ माणसं मान वळवून पुढं जायचो.

काही वर्षांनी ते लेकीकडं गडमुडशिंगीला गेले. फार थकलेत असं कळलं, तेव्हा माफी मागायचीच म्हणून निघालो. अध्यक्ष आणि मंडळीही जीपमध्ये चढली.

मास्तर खाटेवर पडून होते. "या सचिव. जितलो का औंदा?" एवढं विचारून त्यांनी दोन बोटं जोडून माझ्यापुढं धरली. पोरं बट्टीला धरतात तशी.

बोटांना बोटं लावायची, एवढंच काम होतं. पण मंडळी बघत होती. मी वयाला शोभेलसा नमस्कार केला आणि औषधपाण्याची चौकशी केली. मास्तरांनी हात थोडा वेळ तसाच धरला, मग पांघरुणाखाली घेतला.

परतताना अध्यक्ष म्हणाले, "शेवटपत्तूर पोरकटच ऱ्हायलं म्हातारं."

पुढच्या आठवड्यात एकट्यानं येऊन बोटं लावायची, असं मनाशी ठरवत मी "व्हय" म्हणालो. मास्तर तेवढं थांबले नाहीत.