नव्या पायऱ्या, नव्या वहाणा

टेकडीच्या पायऱ्या बदलत्यात म्हणल्यावर समद्या इंदापुरानं आनंद केला, आन् मी मातूर चुलीपाशी बसून रडले.

आमचं मालक टेकडीवरच्या बागंचं माळी. टेकडी म्हंजी काय, गावच्या कडंचा एक उंचवटा. पर नगरपालिकेनं वर झाडं लावली, बाकडी टाकली, तवापास्नं गाव तिला बाग म्हणायचं. वर पाण्याची सोय न्हवती. पायथ्याच्या आडातनं पाणी शेंदायचं, कावड खांद्यावर घ्यायची आन् दगडी पायऱ्यांनी वर न्यायची, ह्येच त्यांचं काम. पायथ्याशी आमाला ऱ्हायला खोली व्हती, ती बी ह्याच कामावर. काम गेलं की खोली गेली. मग माहेरी निरवांगीला भावांच्या दारात जाऊन बसायचं आन् भावजयांची तोंडं बघायची. त्यापरीस मेलेलं बरं, असं मला वाटायचं.

आन् मालकांचं डोळं गेलं व्हतं.

एकाएकी न्हाय. आधी कडंचं दिसंना, मग समोरचं धुरकटलं. बारामतीच्या डाक्टरनं बघितलं, म्हणाला, "उशीर केलात. गेलेली नजर आता परत येत नाही." येताना येष्टीतनं उतरताना मी हात म्होरं केला तर मालक खेकसलं, "बायकूचा हात धरून चालाया मी काय आंधळा हाय?" आंधळंच व्हतं की वो! पर त्या दिवसापास्नं त्यांचा हात धरायची माझी छाती झाली न्हाय.

तरीबी काम चालायचं, ते त्या पायऱ्यांच्या जिवावर. जुनं दगड, मधी वाटीवाणी झिजलेलं. एक डुगडुगायचा, एकाचा कोपरा उडालेला. मालकांच्या अनवाणी पायाला एकूणएक दगड ठावा. डुगडुगला की वळण आलं, तुटका कोपरा लागला की डावीकडं. वरची बाग तर त्यांनीच लावलेली, तितं त्यास्नी डोळं लागायचंच न्हाईत. भरल्या कावडीतलं पाणी सांडायचं न्हाय. गावात कुणालाबी संशय आला न्हाय.

मग एका पावसाळ्यात एक म्हातारी घसरून पडली, आन् ठरलं, पायऱ्या नव्या करायच्या.

दगड घडवणारं नवराबायकू पायथ्याशी पाल ठोकून ऱ्हायलं. जुना दगड पहारीनं निघायचा आन् त्या जागी नवा बसायचा, ताशीव, एकासारखा एक. रोज सांजच्याला मालक तितं जाऊन पायानं चाचपायचं. एकदा म्हणालं, "समद्या सारख्याच हायत गं. पायाला काय बी सांगत न्हाईत." त्या रोजी जेवलं न्हाईत. भाकरी तशीच झाकून ठिवली मी.

त्या दगडवाल्याची बायकू गावात जात्याला टाकी बी लावायची. जातं गुळगुळीत झालं की छिन्नीनं त्याला बारीक खाचा पाडत्यात, तीच टाकी. माझ्या जात्यापाशी ती ठकठक करत बसली व्हती, तवाच माझ्या डोक्यात आलं. मी तिचं पायच धरलं. "बया, वळणावरच्या पायऱ्यांच्या कडंला अशीच टाकी लाव. का ते इचारू नगं." तिनं इचारलं न्हाय. मालकांकडं एकडाव बघितलं, आन् दुसऱ्या दिवशी छिन्नी घिऊन वळणावर जाऊन बसली. मालकांनी पाय ठिवला, उचलला, परत ठिवला. "हितं वळायचं," म्हणालं. मी पदर तोंडात कोंबला.

पर देव देतो आन् कर्म न्हेतं. उद्घाटनाच्या सकाळी नगरपालिकेचा मुकादम कामगारांसाठी नवं पटकं आन् नव्या वहाणा घिऊन आला. वर म्हणतो कसा, "सायेब म्हणालं, पैला मान माळ्याचा. तुमी म्होरं, सायेब मागं." जाड तळव्याच्या, करकरणाऱ्या वहाणा! त्यातनं टाकी काय कपाळ लागणार? मालक अनवाणी चढतो म्हणालं, तर मुकादम ऐकंना. सायबाचा अपमान व्हईल म्हणाला.

पायथ्याला ही गर्दी. मालक पटका बांधून म्होरं हुबं, तोंड पांढरंफटक. वहाणंतला पाय पायरी शोधत व्हता आन् त्याला गावत न्हवती. मागनं सायेब म्हणत व्हता, "चला, चला."

पायरी पुजायला आमा बायांस्नी बोलावलं व्हतं. माझ्या हातात ताट व्हतं. मी गर्दीत घुसले, सबंध पैल्या पायरीवर हळदकुकू वतलं, फुलं टाकली आन् वराडले, "पुजल्याली पायरी हाय! वहाणा घालून चढंल त्याला पाप लागंल!"

गाव चपापलं. एका म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या, मग दुसऱ्यानं. सायबानंबी वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. मालकांनी पायातल्या वहाणा झटकल्या आन् चढलं. वळणावर बरुबर वळलं. वर टाळ्या वाजल्या त्या मला खाली ऐकू आल्या. जिंकलो गं बाई, असं वाटलं. रिकामं ताट मांडीवर घिऊन मी तितंच बसले.

मग समदी खाली आली.

पायथ्याशी पायताणांचा ह्यो थोरला ढीग. ज्यानं त्यानं आपलं हुडकलं, पायात घातलं, बाजूला झाला. सायेब अजून पायरीवर कुणाशी तरी बोलत हुबा. मालक ढिगाम्होरं हुबं. त्यांच्या वहाणा त्यांच्यापास्नं हातभर लांब. मी उठले, पर मधी माणसंच माणसं. मुकादम म्हणाला, "अवो, घाला की! फोटू काढायचाय."

मालकांनी पाय म्होरं केला, चाचपलं, आन् सायबाच्या काळ्या बुटात घातला.

समदी खदाखदा हसली. सायेबबी हसला. "माळी लई गमत्या हाय," कुणीतरी म्हणालं. मालकबी हसलं. बूट काढला, पुना चाचपलं, आन् दुसरा पाय सायबाच्या दुसऱ्या बुटात घातला.

हसणं एकेक करून थांबलं. सायेब खाली आला आन् त्यानं मालकांच्या तोंडाम्होरं हळूच हात हलवला. मालक हसतच व्हतं, भलतीकडंच बघून.

नोकरीचं, खोलीचं कुणी काय बी काढलं न्हाय. काढायचं ऱ्हायलंच काय व्हतं?

मालकांनी बूट काढला. आन् त्या समद्या गावाम्होरं हात लांब करून म्हणालं, "कुठं हायेस गं? हात दे."