ढिलं जाळं

मामाच्या परसात घेवड्याचा वेल आता सशांच्या जुन्या जाळ्यावर चढलाय. पूर्वी मामा हे लांबलचक जाळं माळाच्या कडेला लावायचा आणि आम्ही पलीकडून डबे बडवत ससे तिकडं हाकलायचो. जाळं तो कधीच ताणून बांधत नसे. म्हणायचा, "ताणलं तर ससा आपटून माघारी फिरतो. ढिलं सोडलं की तो आपला आपणच गुरफटतो."

आज शेंगा तोडताना बोटं त्या ढिल्या दोऱ्यांत अडकली आणि सासरचं लाडकं वाक्य आठवलं : "तुला कुणी अडवलंय का?" खरंच, कुणीच नाही. फक्त मी नोकरीचा विषय काढला की सगळे प्रेमानं म्हणतात, "बघू गं, पुढच्या वर्षी."

एकदा एक ससा जाळ्यापाशी थबकला, वळला आणि थेट आमच्या गोंगाटात घुसून मामीच्या पायांमधून निसटला. "मेला उलटाच पळाला!" मामी ओरडली. उलटा कसला? डब्यांच्या आवाजानं कुणी मरत नाही. मरण त्या शांत बाजूला होतं.

उद्या मी कामावर रुजू होतेय. सासरी सकाळीच फोन करून सांगून टाकलं. आता बडवा म्हणावं डबे.