दोन चर्च आणि एक पत्ता

पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. गावातलं पोस्ट मी चालवते. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. तिथे एक टेबल, एक लोखंडी कपाट, वजनकाटा आणि खात्याने दिलेला मोबाईल. सकाळी पिशवी येते, मी शिक्के मारते आणि दुपारपर्यंत पायी वाटून येते.

गावाच्या वर चढावर एक आदिवासी वाडी आहे. तिथल्या घरांना नंबर नव्हते. निम्मी वाडी प्रार्थनेला जायची आणि वाडीच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं छोटं चर्च होतं. अख्ख्या वाडीत पाटी असलेली जागा ती एकच. त्यामुळे प्रार्थनेला जाणारे असोत की न जाणारे, कुठलाही फॉर्म भरताना सगळे पत्ता तोच लिहायचे, ‘मार्फत चर्च’. मी टपाल चर्चच्या ओट्यावर नेऊन द्यायची आणि तिथले म्हातारे पास्टर ज्याचं त्याला पोचवायचे. कधी कागद हरवला नाही.

मग पास्टर थकले आणि मुलीकडे नेरळला राहायला गेले. वर्षाच्या आत चर्च फुटलं. कशावरून फुटलं ते मला तिघांनी तीन तऱ्हेने सांगितलं. एक म्हणाला ढोलकीवरून, दुसरा म्हणाला नवा पास्टर कोणी नेमायचा यावरून, तिसरा म्हणाला मुळात भाऊबंदकीच होती. जुन्या चर्चचा ताबा कुंभिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका माणसाने घेतला. पायाचे दगड त्याने स्वतःच्या डोक्यावरून वाहिले होते आणि ते तो कोणाला विसरू द्यायचा नाही. बाहेर पडलेल्यांनी खाली रस्त्याच्या कडेला नवी शेड बांधली. त्यांचा तरुण पास्टर खालापूरकडून मोटरसायकलवर यायचा. खऱ्या मंडळीचे वारस आपणच, असं त्याचं म्हणणं, म्हणून नव्या शेडवर त्याने जुन्याच नावाची पाटी लावली. गावात आम्ही त्यांना वरचे आणि खालचे म्हणायला लागलो. आमच्या गावातल्या काही जणांना त्या भांडणाची मजाच वाटत होती. लढू दे त्यांना, म्हणायचे.

एके दिवशी वरचा माणूस माझ्याकडे अर्ज घेऊन आला.

“बाई, चर्चच्या नावाचं टपाल आमचं हाय. खालच्यांना एक कागद जरी दिलात तर मी वर तक्रार करीन.”

दोनच दिवसांनी खालचा पास्टर आला. त्याचा अर्ज टाइप केलेला होता, खाली वीस-बावीस अंगठे आणि सह्या. “मॅडम, आम्हीच मूळ मंडळी आहोत. त्यांच्या हातात आमचं टपाल गेलं तर जबाबदारी तुमची.”

मी दोन्ही अर्ज तालुक्याच्या पोस्टात पाठवले. तिथल्या साहेबांचा फोन आला. “वाद मिटेपर्यंत त्या पत्त्याचं सगळं टपाल राखून ठेवा. लेखी आदेश पाठवतो.” मी ‘सगळं’ हा शब्द धरून बसले. कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला आणि त्यात पाकिटं टाकत गेले. सुटल्यासारखं वाटलं, हे मी आज कबूल करते. दोन्हीकडचे येऊन डोळे वटारणार नाहीत, एवढंच मला हवं होतं.

त्या कप्प्यात एका मुलीचं पत्र पडलं. आश्रमशाळेत बारावी केलेली, वाडीतली चुणचुणीत मुलगी. तिची आई पावसाळ्यात रानभाजी घेऊन आमच्या दारात यायची. मुलीने नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला होता. अर्जावर बापाचा फोन नंबर दिलेला, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. पाकिटावर ठळक अक्षरांत तिचं नाव होतं, संस्थेचा शिक्का होता आणि खाली ‘मार्फत चर्च’.

ती विचारायला आली तेव्हा मी खोटं बोलले नाही. आलंय म्हणाले.

“मग द्या ना काकी.”

“चर्चचा वाद आहे गं. आदेश येऊ दे.”

“माझा काय संबंध? नाव तर माझंच हाय ना?”

“पत्ता चर्चचा आहे.”

ती चपला घालून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन आली. आई पायरीवरच उभी राहिली. “बाय, एक कागद तर हाय. देऊन टाक की.” मी त्यांच्यासमोरच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “एकाला दिलंत की दुसरा येणार. तुम्हाला नोकरी करायची आहे ना?” मी फोन ठेवला आणि मायलेकींना सोमवारी या म्हणाले. सोमवारी त्या आल्या नाहीत. मला बरंच वाटलं.

महिन्याभराने नेरळला कामासाठी गेले होते. स्टेशनपासून थोड्या अंतरावर नव्या इमारतींचं काम चाललेलं. डोक्यावर घमेलं घेऊन एका फळीवरून ती मुलगी उतरत होती. मी हाक मारली. तिने घमेलं रिकामं केलं, हात ओढणीला पुसले आणि आली.

“तारीख होऊन गेली काकी. मी गेले होते तिकडं विचारायला. ते म्हणाले, पत्र घेऊन ये, त्याच्याशिवाय आत घेता येत नाय.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मुकादमाने हाक मारली तशी ती गेली.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापून गेलं होतं. कपाट उघडलं. तिचं पाकीट हातात घेतलं. ते फोडायचा मला अधिकार नव्हता, आणि अडवायचाही नव्हता. पाकिटावर जिचं नाव ती दारात येऊन मागत होती. यात वाद कसला होता? दोन माणसांचा हट्ट, साहेबांचा एक फोन आणि माझी भीती, एवढ्यावर मी तिचं वर्ष अडवलं होतं. मी कप्प्यातलं सगळं टेबलावर ओतलं. बँकेची पत्रं, आधार कार्डं, एका म्हातारीला डोळ्यांच्या तपासणीला बोलावल्याचं पत्र. खास चर्चला लिहिलेली पाकिटं त्यात चारच निघाली.

नवरा म्हणाला, “त्यांच्या भानगडीत कशाला पडतेस?” मी म्हणाले, पडले नव्हते म्हणूनच हे झालंय.

रविवारी दोन्हीकडची प्रार्थना सुटायच्या वेळी मी पिशवी घेऊन वाडीवर गेले. वरचं चर्च आणि खालची शेड यांच्या मध्ये हातपंप आहे, तिथे उभी राहिले आणि मोठ्याने नावं वाचायला लागले. ज्याचं नाव त्याच्या हातात पत्र. बायका पुढे आल्या, मग पुरुष.

वरचा माणूस लगबगीने उतरून आला. “बाई, हे काय चाललंय? चर्चचं टपाल आमच्या सहीशिवाय वाटायचं नाय.”

“हे चर्चचं नाही. या आजीचं आहे.”

“मॅडम, आम्ही लेखी दिलेलं आहे,” खालचा पास्टर म्हणाला.

“तुमचं लिहिलेलं मी वाचलं. आता तुम्ही दोघांनी ऐकायचं.” माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “या वाडीतली एक पोर नर्स व्हायची होती. ती आज नेरळला घमेली उचलते, कारण तुमच्या दोघांच्या पाट्यांवर नाव एक आहे. तिचं पत्र माझ्या कपाटात होतं. ती दोनदा मागायला आली. मी दिलं नाही. तुम्हाला घाबरून दिलं नाही. मला लाज वाटते. तुम्हाला वाटते का?”

आजीने पाकीट नातीकडे दिलं. नातीने वाचून सांगितलं की तपासणीची तारीख गेली. म्हातारी वरच्या माणसाला म्हणाली, “तुझ्या चर्चात मी पाच वरसं बसले रं. माझा डोळा तू कुठं ठेवलास?”

मग मी चर्चची चार पाकिटं काढली आणि दोघांना माझ्यासमोर फोडायला लावली. दोन पाकिटांत छापील मासिकाचे अंक, एकात कॅलेंडर. चौथ्यात लग्नाची पत्रिका. नवरी म्हाताऱ्या पास्टरांची नात. लग्न होऊन पंधरा दिवस झालेले. वाडीतून तिकडे कोणी गेलं नव्हतं, आणि बोलावणं आलं नाही म्हणून पास्टर आपल्याला विसरले असं दोन्हीकडचे समजून बसले होते. खालचा पास्टर पत्रिका उलटसुलट करत राहिला. वरचा माणूस पंपाच्या कट्ट्यावर बसला.

मी म्हणाले, पाट्या वेगळ्या करा. नाहीतर चर्चचं टपाल मी पाठवणाऱ्याला परत करीन, आणि माणसांचं टपाल माणसांनाच देईन. दोघेही पाटी बदलायला तयार नव्हते. शेवटी बायकांनीच तोड काढली. वरची एक आणि खालची एक, दोघींनी मिळून चर्चचं टपाल घ्यायचं आणि सगळ्यांसमोर फोडायचं. पुढे ग्रामपंचायतीकडून घरांना नंबर मिळाले. ते दारांवर निळ्या रंगाने त्या दोघींनीच घातले. काही दिवसांनी खालच्यांनी आपल्या पाटीवर ‘रस्त्याकडचं’ असा शब्द वाढवला. एवढ्याशा शब्दासाठी किती दिवस गेले.

मुलीचं पत्र तिच्या हातात दिलं आणि तिला घेऊन मी संस्थेत गेले. चूक माझी आहे असं लिहून दिलं. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, पण जागा भरलेल्या होत्या. पुढच्या वर्षी या म्हणाल्या. परत येताना मुलीने पहिल्यांदाच विचारलं, “तुमी आधी का नाय दिलं?”

“भ्याले.”

“कुणाला?”

मी एकेकाला आठवून बघितलं. वरच्या माणसाला? पास्टरला? साहेबांना? यांतला कोणी मला काय करणार होता?

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. पत्ता कर्जतच्या मैत्रिणीचा दिला, माझ्या पोस्टाचा नाही. तिला प्रवेश मिळाला. सुट्टीला येते तेव्हा माझ्या दारावरूनच जाते. मान हलवते, थांबत नाही. मी तिला थांबवत नाही. साहेबांनी मला आदेशाविना टपाल वाटल्याबद्दल खुलासा मागितला. मी घडलं तसं लिहून दिलं. त्यावर उत्तर आलं नाही. जो लेखी आदेश येणार होता, तोही आला नाही.

मागे गावात एक लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत वरचा माणूस आणि खालचा पास्टर शेजारीशेजारी बसले होते, एकमेकांना वाढायला सांगत. माझ्याकडे बघून वरचा म्हणाला, “आमचं भांडण बाईंनी मिटवलं हो.” पास्टर हसून म्हणाला, “देवाचंच काम केलं मॅडमनी.”

मुलीचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. मी पानावरून उठले.